मध्यम पल्ल्याची धाव आणि दमाचा हिशेब



साहित्य, इतिहास, राजकारण हे व्याख्यानमालेचे नेहमीचे विषय. त्यांच्या पंक्तीला धावण्याची शर्यत येऊन बसलेली पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण आपणांपैकी अनेकांच्या घरी कॉलेजात जाणारे मूल आहे, आणि त्यातले एखादे पहाटे उठून मैदानावरही जात असेल. त्याच्या कष्टांचे मोल आपणांस कळावे, आणि ते कष्ट वाया कसे जातात हेही कळावे, एवढ्यासाठी आम्ही येथे उभे आहोत. आम्ही कोणी नामांकित धावपटू नव्हे. एका कॉलेजच्या संघाबरोबर हातात घड्याळ घेऊन काही वर्षे काढली, इतकाच आमचा अधिकार.

८०० आणि १५०० मीटर या मध्यम पल्ल्याच्या मुख्य शर्यती. ट्रॅकची एक फेरी ४०० मीटरची. म्हणजे एक शर्यत दोन फेऱ्यांची आणि दुसरी पावणेचार फेऱ्यांची. शंभर मीटरवाला जीव तोडून धावतो आणि मोकळा होतो. मॅरेथॉनवाल्याला तास दोन तास स्वतःला आवरून धरावे लागते. मध्यम पल्ल्याच्या धावपटूला वेगही हवा आणि दमही हवा. ‘दम’ हा आपल्या भाषेतला मोठा जाणता शब्द आहे. दम म्हणजे श्वास, दम म्हणजे ताकद, आणि ‘जरा दमाने घे’ म्हणजे उतावीळ होऊ नकोस. या शर्यतीचे सारे शास्त्र या तीन अर्थांत आले.

ते शास्त्र आम्ही एका मुलाच्या नुकसानीतून शिकलो. सायकलवर पहाटे दूध घालून मग मैदानावर येणारा एक खेड्यातला मुलगा आमच्या संघात होता. ८०० मीटर तो २ मिनिटे १ सेकंदात धावत असे. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या दिवशी ढाल आपल्याच कॉलेजात यावी या हव्यासाने आम्ही त्याला सांगितले, ‘सुटल्याबरोबर पुढे जा, मागे वळून पाहू नकोस.’ पोरगा आज्ञाधारक. पहिली फेरी त्याने ५५ सेकंदांत काढली. टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत मोठ्याने आम्हीच ओरडत होतो. दुसऱ्या फेरीला ७३ सेकंद लागले. शेवटच्या वळणावर त्याचे पाय लाकडासारखे झाले आणि पाचजण त्याला मागे टाकून गेले. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे. दुपारी त्यालाच १५०० मीटरला उभे केले आणि संध्याकाळी रिलेला. महिन्याभरात त्याच्या नडगीचे दुखणे वाढले आणि त्याने मैदान सोडले. ढालही मिळाली नाही. मिळाली असती तरी हा दोष धुऊन निघाला नसता.

असे का झाले, ते पाहू. श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूवर स्नायू चालवणारी यंत्रणा बंदूक वाजताच पूर्ण जोरात चालू होत नाही. तिला जोर धरायला मिनिटभर तरी लागते. तोवरचा बराचसा खर्च उधारीवर होतो. वाण्याकडची उधारी ठरावीक मर्यादेपर्यंत गोड वाटते, तसेच हे. पहिल्या तीनशे मीटरांत पाय ताजे असतात, म्हणून आपण किती उचल करतो आहोत हे कळत नाही. कळते ते वसुली आल्यावर. लॅक्टिक आम्ल साचते आणि तेच विषासारखे स्नायूंना मारते, असे पूर्वी शिकवीत. आज आपणांस ठाऊक आहे की लॅक्टेट हे विष नाही. हृदय आणि स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. थकव्याची कारणे अनेक आहेत. पण उधारीचा नियम मात्र बदललेला नाही.

ताजे पाय किती फसवतात, याचे उत्तम उदाहरण ६ मे १९५४ चे आहे. ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर विद्यापीठाचा संघ आणि अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशन यांचा सामना होता. ऑक्सफर्डचाच जुना विद्यार्थी, आता लंडनमध्ये वैद्यक शिकणारा रॉजर बॅनिस्टर मैलाच्या शर्यतीत पाहुण्यांच्या बाजूने उतरला. गती लावून द्यायला आधी क्रिस ब्रॅशर आणि मग क्रिस चॅटवे हे मित्र होते. पहिल्याच फेरीत बॅनिस्टरला गती मंद वाटली आणि तो ब्रॅशरला ‘अजून जोरात’ म्हणून ओरडला. ब्रॅशरने ऐकले नाही. ठरलेली गती त्याने सोडली नाही. ती फेरी ५७.५ सेकंदांत झाली होती! मंद मुळीच नव्हती. मंद वाटली ती विश्रांती घेतलेल्या पायांना. अर्धा मैल १ मिनिट ५८ सेकंदांच्या सुमारास झाला, आणि अखेर घड्याळाने ३ मिनिटे ५९.४ सेकंद दाखवले. चार मिनिटांच्या आत मैल धावलेला तो पहिला माणूस. त्या यशात न ऐकणाऱ्या ब्रॅशरचा वाटा मोठा आहे. आमच्या त्या मुलाला असा ब्रॅशर हवा होता, मिळालो आम्ही.

तेव्हा गती नेहमी रोखूनच धरावी काय? तसा सरसकट नियम करता येत नाही. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत आपल्या श्रीराम सिंगने पहिली फेरी ५०.८५ सेकंदांत काढली आणि सर्वांना ओढत नेले. क्यूबाच्या हुआंतोरेनाने १ मिनिट ४३.५० सेकंदांचा विश्वविक्रम केला. श्रीराम सिंग सातवा आला, पण १ मिनिट ४५.७७ सेकंदांत, आणि तो राष्ट्रीय विक्रम २०१८ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षे टिकला. त्याला कोणी आरंभशूर म्हणू नये. वर्षानुवर्षांच्या तयारीने त्याचे अंथरूणच तेवढे लांब झाले होते, म्हणून त्याला पाय पसरता आले. आमच्या मुलाचे अंथरूण आम्ही पाहिलेच नव्हते.

अंथरूण वाढवणे म्हणजेच सराव. त्याचे दोन मार्ग गेल्या शतकात रूढ झाले. जर्मनीत गेर्शलर या शिक्षकाने तुकड्यातुकड्यांनी धावण्याची पद्धत बसवली: थोडे अंतर जोरात, मग नाडी मिनिटाला १२० च्या आसपास उतरेपर्यंत विश्रांती, मग पुन्हा. त्याचा शिष्य हार्बिग १९३९ मध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला, आणि तो विक्रम १६ वर्षे अबाधित होता. न्यूझीलंडच्या लिडियार्डने दुसरा पाया घातला. त्याचा ८०० मीटरवाला पीटर स्नेल रविवारी डोंगरवाटांनी २२ मैल धावे. त्याने १९६० मध्ये रोमला ८०० मीटरचे आणि १९६४ मध्ये टोकियोला ८०० व १५०० या दोन्हींचे सुवर्णपदक मिळवले. आज शहाणा शिक्षक दोन्ही वापरतो: पावसाळ्यापासून दमाचा पाया, आणि सामने जवळ आले की वेगाच्या तुकड्या.

त्या मुलानंतर आम्ही संघाचा आठवडा असा आखला. एक दिवस टेकडीवरून लांबची, सोबत्याशी गप्पा मारता येतील इतकी सावकाश धाव. एक दिवस ४०० मीटरच्या सहा ते आठ तुकड्या. एक दिवस वीस मिनिटे सलग, जरा नेटाची धाव. एक दिवस पूर्ण विश्रांती, आणि बाकीचे दिवस हलके. मुलांना सर्वांत जड जातो तो विश्रांतीचा दिवस. त्यांना आम्ही बॅनिस्टरचीच गोष्ट सांगतो. दोन मिनिटांच्या विश्रांतीने दहा फेऱ्या, असा त्याचा सराव होता. प्रत्येक फेरी ६१ सेकंदांवर येऊन अडली आणि काही केल्या खाली येईना. तो ब्रॅशरबरोबर काही दिवस स्कॉटलंडच्या कड्यांवर चढायला निघून गेला. परतल्यावर त्याच फेऱ्या ५९ सेकंदांत होऊ लागल्या.

गती शिकवताना आम्ही मुलांची घड्याळे काढून घेतो. दोन मिनिटांत ८०० मीटर धावायचे तर दर २०० मीटरला ३० सेकंद. पहिली फेरी ५९, दुसरी ६१ झाली तरी चालेल. ४ मिनिटे १० सेकंदांत १५०० मीटर म्हणजे फेरीला ६६ ते ६७ सेकंद. मुलाने २०० मीटर धावून यावे, किती लागले ते आधी स्वतः सांगावे, मग आम्ही घड्याळ दाखवतो. आरंभी तीन तीन सेकंदांची चूक होते. दोन महिन्यांत ती अर्ध्या सेकंदावर येते. मग शर्यतीत बाहेरच्या ओरडण्याची गरज उरत नाही. त्याचा ब्रॅशर त्याच्या आतच बसलेला असतो.

आता आपणांस विनंती. घरच्या धावपटूला पोटभर भाकरी, डाळ, दूध आणि आठ तास झोप मिळू द्या. मुलगी धावत असेल तर तिच्या रक्तातील लोह तपासून घ्या. ते कमी पडले की दमही कमी पडतो, आणि आपण तिला आळशी म्हणून मोकळे होतो. एका दिवशी तीन शर्यती धावायला सांगणारा शिक्षक भेटला, तर त्याला नम्रपणे नाही म्हणा. आणि मैदानावर आलात, तर पहिल्या फेरीत पुढे असणाऱ्यासाठी टाळ्या वाजवण्याची घाई करू नका. त्या दिवशी सर्वांत मोठ्याने ओरडणारे आम्हीच होतो, हे आम्ही विसरलेलो नाही.