खोडदची शांतता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आकाशवाणीवर बोलायला बोलावलं आणि विषय तुमच्या आवडीचा घ्या म्हणाले, तेव्हा मी खोडदची रेडिओ दुर्बीण घेतली. कवीने चंद्रावर बोलावं, फार तर ताऱ्यांवर. दुर्बिणीशी तुमचा काय संबंध, असं घरातूनच विचारलं गेलं. प्रश्न बरोबर आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, गणिताशी माझं दहावीनंतर बोलणं नाही. पण या दुर्बिणीशी माझं आजोळकडून नातं आहे. माझ्या आईचं माहेर नारायणगावजवळचं, आणि मामूंच्या शेतातून खोडदच्या त्या पांढऱ्या छत्र्या दिसतात.

आधी एक जुनी आठवण सांगतो. आमचं घर जुन्या खराडी गावातलं. आज खराडी म्हटलं की लोकांना आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आठवतात. माझ्या लहानपणी तिथे ज्वारी होती आणि नदीकाठी म्हशी होत्या. अब्बांकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याचा एरियल म्हणजे तांब्याच्या तारेची विणलेली जाळीदार पट्टी, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टांगलेली. संध्याकाळी बातम्या लागायच्या आणि नेमकी त्याच वेळी शेजारची पिठाची गिरणी सुरू व्हायची. झालं! रेडिओत नुसती खरखर. अब्बा वैतागून म्हणायचे, "दळण होऊ दे, मग दुनियेचं काय चाललंय ते ऐकू." गिरणीच्या मोटारीत ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक नको असलेलं रेडिओ केंद्र असतं, हे मला फार उशिरा कळलं. पण जाळी आणि खरखर या दोन गोष्टी समजल्या की खोडदची निम्मी दुर्बीण समजली असं म्हणायला हरकत नाही.

या दुर्बिणीमागचा माणूस म्हणजे प्रा. गोविंद स्वरूप. अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉक्टरेट करून ते १९६३ मध्ये परत आले आणि डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. हाताशी काय होतं? सिडनीजवळ वापरून झालेल्या ३२ लहान तबकड्या. ऑस्ट्रेलियाने त्या भेट दिल्या होत्या आणि काही वर्षं त्या दिल्लीत पडून होत्या. स्वरूप यांनी त्या कल्याणजवळ मांडल्या आणि १९६५ मध्ये सूर्याचा अभ्यास सुरू केला. आपल्या कल्याणला! लोकलने जाताना कितीजणांना हे ठाऊक असतं कोण जाणे.

पुढची दुर्बीण उटीजवळची, १९७० ची. अर्ध्या किलोमीटरहून लांब, ३० मीटर रुंद, पन्हळीसारखी. ती डोंगरावर आहे, म्हणून मला वाटायचं, आकाशाच्या जवळ जायला डोंगर घेतला असणार. तसं नाही. उटीचा अक्षांश साधारण ११ अंश, म्हणून त्यांनी दक्षिणोत्तर ११ अंशांचा उतार असलेली टेकडी शोधली. त्या उतारावर पन्हळ आडवी ठेवली की तिचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर होतो. मग तारा मावळेपर्यंत त्याच्यामागे जायला पन्हळ फक्त एका आसाभोवती फिरवली की पुरे. म्हणजे डोंगर निवडला तो उंचीसाठी नाही, उतारासाठी. ज्या देशाकडे पैसा कमी, त्याने भूगोलाकडून काम करून घ्यावं, ही अक्कल मला फार आवडते.

उंचीची खरी गरज कोणाला लागते? दक्षिण अमेरिकेत चिलीच्या अटाकामा वाळवंटात ५ हजार मीटर उंचीवर 'आल्मा' नावाचा दुर्बिणींचा समूह आहे, २०१३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. एकूण ६६ तबकड्या. तिथे मिलिमीटरच्या आणि त्याहूनही बारीक लहरी टिपतात, आणि या लहरींचा शत्रू म्हणजे हवेतली वाफ. ती त्यांना पिऊन टाकते. म्हणून जिथे हवा विरळ आणि हाडासारखी कोरडी, तिथेच जावं लागतं. माणसाला तिथे धड श्वास घेता येत नाही. मग दुर्बीण चालवणारे लोक खाली २,९०० मीटरवर बसतात. लहर इतकी बारीक, की तबकडीचा पृष्ठभागही तसाच लागतो, केसाच्या जाडीइतकाही खड्डा चालत नाही. त्या अवजड तबकड्या उचलून इकडून तिकडे न्यायला खास वाहनं बनवली आहेत. अनेक देशांनी मिळून तो खर्च उचलला.

ऐंशीच्या दशकात स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या दुर्बिणीचा विचार केला तेव्हा त्यांनी या शर्यतीत उतरायचंच नाही असं ठरवलं. त्यांनी लांब लहरी घेतल्या, वीतभरापासून पुरुषभर लांबीच्या. या लहरींना वाफेचं काही वाटत नाही. पावसाळी ढग असोत, भर दुपार असो, त्या खाली येतातच. त्यामुळे उंचीचा प्रश्न मिटला. त्या टिपायला तबकडी मात्र मोठी लागते, आणि एक नव्हे, पुष्कळ लागतात. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, अशा तीस! भरीव पत्र्याची केली तर वजन आणि वारा दोन्ही आवरणार नाहीत आणि तिजोरीही पुरणार नाही.

इथे अब्बांची जाळी येते. लहरीपेक्षा भोक बरंच लहान असेल तर लहरीला भोक दिसतच नाही. तिच्या दृष्टीने तो आरसाच. म्हणून खोडदच्या तबकड्या अर्ध्या मिलिमीटरच्या बारीक पोलादी तारेच्या जाळीच्या आहेत. मध्यभागी भोकं एक सेंटिमीटरची, कडेला दोन सेंटिमीटरपर्यंत. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले पोलादी दोर, आणि दोरांवर ताणून बांधलेली जाळी. खाटेची नवार जशी ओढून ओढून बसवतात, तसंच काहीसं. वारा निघून जातो, लहर अडकते. जवळ उभं राहून वर पाहिलं तर तबकडीतून निळं आकाश दिसतं. ज्यातून आकाश दिसतं त्यानेच आकाश पकडायचं! यावर कविता करण्याचा मोह मी बरीच वर्षं टाळला आहे.

मांडणीही नीट पाहण्यासारखी. साधारण एक चौरस किलोमीटरच्या आत १४ तबकड्या जवळ जवळ, आणि बाकीच्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या तीन फांद्यांवर गावागावांत पसरलेल्या. सगळ्यांत दूरच्या दोघींत सुमारे २५ किलोमीटरचं अंतर. त्या सगळ्या काचतंतूंच्या तारांनी मध्यवर्ती इमारतीला जोडलेल्या. तिथे प्रत्येक तबकडीचा आवाज दुसऱ्या प्रत्येकीशी ताडून पाहतात. तिसांच्या अशा जोड्या होतात ४३५. वर पृथ्वी फिरत असते, त्यामुळे दर तासाला त्या जोड्या आकाशाकडे वेगळ्या बाजूने पाहतात. रात्रभराच्या हिशोबातून चित्र तयार होतं, जणू २५ किलोमीटरची एकच तबकडी आहे. कान तीस, पण ऐकतात एकत्र. आमच्या कविसंमेलनांत हे अजून जमलेलं नाही.

आता जागा. पुण्यापासून ८० किलोमीटर, म्हणजे माणसं, कारखाने, कारागीर हाताशी. दक्षिण आकाशाचाही मोठा भाग दिसेल असा अक्षांश. आणि मुख्य म्हणजे चारी बाजूंना सह्याद्रीच्या रांगा. चिलीतल्या लोकांना उंची हवी होती, यांना आडोसा हवा होता. मुंबई-पुण्याची रेडिओची खरखर डोंगरांनी अडवावी, ही कल्पना. कारण आकाशातून येणारा संदेश फार क्षीण असतो. चंद्रावर एखादा मोबाइल फोन चालू ठेवला, तर तो आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओ स्रोतांत गणला जाईल. ईदच्या चंद्राची कोर शोधताना आम्ही गच्चीवरचा दिवा मालवतो. खोडदला दिवा नव्हे, सगळा परिसर मालवावा लागतो.

नव्वदच्या दशकात तबकड्या उभ्या राहिल्या, २००१ मध्ये दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांना अर्पण झाली, पुढे २०१९ पर्यंत तिचं नूतनीकरणही झालं. तिने काय ऐकलं याची एक-दोन उदाहरणं देतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं एक छोटं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा बारीक आवाज खोडदला येत होता, आणि उतरण्याच्या मिनिटभर आधी तो थांबला. यान कोसळलं होतं. दुसरी गोष्ट जानेवारी २०२३ मधली. बंगळुरू आणि माँट्रियलच्या शास्त्रज्ञांनी खोडदच्या नोंदींतून एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनची खूण शोधली. तिथून ती लहर निघाली ८८० कोटी वर्षांपूर्वी. निघताना २१ सेंटिमीटरची होती; विश्व पसरत गेलं तशी तीही ताणत गेली आणि खोडदला पोचली तेव्हा ४८ सेंटिमीटरची झाली होती. सूर्य जन्मायच्या कितीतरी आधी निघालेली ती लहर आमच्या जुन्नर तालुक्यात, टोमॅटोच्या शेतांमध्ये येऊन टेकली.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता जे मला अवघड जातं ते.

ही शांतता पुरवतं कोण? डोंगर थोडी पुरवतात, बाकीची तिथली माणसं. दुर्बिणीच्या परिसरात कारखान्यांवर शासनाची बंधनं आहेत. मामूंचा नातू गेली दोन वर्षं खराडीत आमच्याकडे राहतो, आयटी पार्कात नोकरीला जातो. तो मला म्हणाला, "चाचा, तुम्ही दुर्बिणीचं कौतुक करता. माझ्या गावात कंपनी असती तर मी तुमच्याकडे सोफ्यावर झोपलो असतो का?" वर पुणे-नाशिक रेल्वेचं प्रकरण झालं. नारायणगाव, संगमनेरवरून जाणाऱ्या त्या मार्गाकडे तिथली माणसं कित्येक वर्षं डोळे लावून होती. २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने दुर्बिणीला बाधा येईल हे कारण देऊन शिर्डीकडून जाणारा मार्ग पुढे केला. जुन्नर, आंबेगाव, संगमनेरकडची माणसं चिडली. का चिडणार नाहीत?

मी काय उत्तर देणार? मी खराडीत राहतो. माझ्या गच्चीवरून मोबाइलचे किती मनोरे दिसतात ते मी मोजायचं सोडून दिलंय. खरखरीचे सगळे फायदे घ्यायचे आणि शांततेचं कौतुक दुसऱ्याच्या गावात करायचं, हे मलाच बरं वाटत नाही. पण म्हणून दुर्बीण उचलून न्या, असंही म्हणवत नाही. तबकडी हलवता येईल, तो आडोसा पुन्हा कुठे मिळणार? माझं म्हणणं एवढंच, की दुर्बिणीचा आराखडा करताना जाळीचा, दोरांचा, तारांचा हिशोब केला, तसा शेजाऱ्यांनी दिलेल्या शांततेचाही करायला हवा होता. अजूनही करता येईल. आवाज न करणारे धंदे पुष्कळ आहेत. शीतगृह नीट आडोशात बांधता येतं, रस्ता बांधता येतो, विज्ञान शिकणाऱ्या पोरांसाठी वसतिगृह उभारता येतं. ज्या तालुक्याने जगाला एवढं ऐकू दिलं, त्याच्या पोराने शिकायलाही पुण्याला आणि कमवायलाही पुण्यालाच यावं, हे नीट जुळत नाही. मी हे त्या नातवाला सांगितलं. तो म्हणाला, "हे रेडिओवर बोला." म्हणून बोललो.

प्रा. स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात गेले. त्यांना भेटायचा योग मला आला नाही. दुर्बीण जवळून पाहायचा मात्र आला, त्याच्या आदल्या वर्षी. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला प्रदर्शन भरतं, शाळांची पोरं आपापली यंत्रं घेऊन येतात. मी, मामू आणि तेव्हा अकरावीत असलेला हा नातू, असे तिघे गेलो. आत जाताना मोबाइल बंद करायला सांगितले. मामूंनी आपला साधा फोन बंद करून वर रुमालात गुंडाळला, न जाणो आवाज बाहेर गेला तर.

एक तरुण इंजिनिअर मुलांना माहिती देत होता. मामूंनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "साहेब, माझ्या विहिरीवरची मोटार तुम्हाला ऐकू येते का?" पोरं हसली. इंजिनिअर हसला नाही. म्हणाला, "आजोबा, मोटार नीट असेल तर नाही. पण खांबावरची तार सैल असेल, ठिणग्या उडत असतील, तर येते. मग आम्ही शोधत येतो."

मामू गप्प झाले. परतताना शेताच्या बांधावर थांबले आणि काठीने वर दाखवलं. खांबावर तार लोंबत होती, वाऱ्याने हलली की चटचट करायची. "तीन पावसाळे झाले, वायरमनला सांगतोय," मामू म्हणाले. "उद्या त्या पोराकडेच जातो. म्हणतो, बाबा, तुझे तारे ऐकायचे असतील तर आधी ही बघ."