डॉलरवरचा रंग आणि त्याची किंमत



आपल्या संमेलनाच्या अध्यक्षाने भारतीय नाण्यांवर बोलावे अशी अपेक्षा असते. मी मात्र आज अमेरिकेच्या मॉर्गन डॉलरविषयी बोलणार आहे. या डॉलरचा आपल्या रुपयाशी जवळचा संबंध आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदुस्थानात लोक नोटा परत करून चांदीचे रुपये मागू लागले आणि सरकारजवळची चांदी आटत चालली. तेव्हा अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा केला आणि २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले. त्यांतल्या सुमारे २६ कोटींची चांदी ब्रिटनने हिंदुस्थानसाठी विकत घेतली. तुमच्या संग्रहातल्या १९१८ च्या पंचम जॉर्जच्या रुपयात एखाद्या डॉलरची चांदी असू शकते.

जे डॉलर वाचले त्यांच्यावरचा रंग, ज्याला आपण सगळे टोनिंग म्हणतो, तो कसा पारखावा, हा आजचा विषय. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेले हे नाणे २६.७३ ग्रॅम वजनाचे, ९० टक्के चांदीचे. ते पाडले गेले प्रचंड संख्येने, पण खिशात वागवायला जड. त्यामुळे कोट्यवधी डॉलर हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिले. १९६२ ते १९६४ या काळात त्यांतल्या अनेक पिशव्या लोकांच्या हाती आल्या, आणि कापडाला टेकून राहिलेल्या नाण्यांवर इंद्रधनुष्य उमटलेले दिसले.

या रंगात रंगद्रव्य असे काही नसते. हवेतले, कापडातले, पुठ्ठ्यातले गंधक चांदीला लागते आणि सिल्व्हर सल्फाइडचे अतिशय पातळ पटल तयार होते. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगात दिसतात तसेच हे रंग, पटलाच्या जाडीवर अवलंबून असलेले. म्हणूनच त्यांना क्रम असतो. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा. पटल आणखी जाड झाले की पुन्हा पिवळा, गुलाबी आणि मग हिरवा. पारख करणाऱ्याने हा क्रम तोंडपाठ ठेवावा. कोऱ्या पांढऱ्या चांदीला खेटून एकदम हिरवा डाग दिसला, मधले रंग कुठेच नाहीत, तर मी ते नाणे खाली ठेवतो.

पुढची खूण उठावाची. पिशवीत कापड नाण्याच्या सपाट भागाला सगळीकडे सारखे टेकत नाही. अक्षरांच्या आणि ताऱ्यांच्या कडेला रंग थबकतो, तिथे चांदीची फिकट रेघ राहते. कधी कापडाचे विणकाम उमटलेले असते, कधी शेजारच्या नाण्याने झाकलेल्या भागाची चंद्रकोर. उष्णता देऊन किंवा गंधकाच्या रसायनात बुडवून आणलेल्या रंगाला असा इतिहास नसतो. तो ओरखड्यांच्या आतही तितक्याच उत्साहाने शिरतो, खोलगट जागी साचतो.

रंगाहून महत्त्वाचे आहे खालचे लस्टर. ठशाच्या दाबाखाली धातू बाहेरच्या दिशेला वाहतो तेव्हा अतिसूक्ष्म रेषा पडतात, आणि नाणे दिव्याखाली फिरवले की प्रकाशाचे आरे चाकासारखे फिरतात. खऱ्या, निरोगी रंगाखालीही ते आरे फिरतात. ते थांबले असतील, तर पटल धातू खाऊ लागले आहे किंवा नाणे कधीतरी आम्लाने उजळून पुन्हा रंगवले आहे. डॉलरवर कोरलेल्या लिबर्टीच्या मुखाचा गाल मोठा आणि मोकळा असल्याने पिशवीतल्या टकरांचे व्रण तिथेच दिसतात, आणि गडद रंग ते लपवतो. म्हणून गालाला दुपटीने वेळ द्या, आणि ट्यूबलाइटखाली नव्हे, एकाच बल्बखाली पाहा.

आता किंमत. १८८१ चा सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीचा डॉलर उत्तम अवस्थेत आजही मुबलक मिळतो. तरी त्याच्यावर सुंदर इंद्रधनुष्य असेल तर साध्या नाण्याच्या अनेक पटींनी भाव येतो. याला माझी हरकत नाही. सौंदर्याला किंमत असावी. माझा आग्रह इतकाच की, तो रंग नाण्यावर कसा आला हे ज्याला सांगता येत नाही, त्याने त्याच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी पारखून डबीबंद करणाऱ्या संस्थांच्या डबीतले नाणेही स्वतःच्या डोळ्यांनी तपासावे. काळपट, साचलेला रंग असेल तर किंमत वाढत नाही, घटते.

आणि हे सगळे मी इथे का सांगतो? आपल्या घरांत चांदीची नाणी दिवाळीत चिंचेने, राखेने घासली जातात. पूजेसाठी तसे करणाऱ्यांना मी काही म्हणणार नाही. पण संग्राहकाच्या हातूनही तेच घडते याचे मला फार वाईट वाटते. व्हिक्टोरियाचे किती तरी रुपये लख्ख आणि निर्जीव होऊन बाजारात येतात. शंभर वर्षांत जमलेले पटल पाच मिनिटांत जाते आणि त्याबरोबर वरचा धातूही जातो.

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात प्रत्येक नाण्याच्या कार्डावर टाकसाळ आणि वजनाबरोबर आणखी एक ओळ असावी असा प्रस्ताव मी मांडतो: हे नाणे कशात ठेवलेले होते, आणि ते कधी धुतले आहे का. धुतलेल्या नाण्याला प्रदर्शनातून वगळायचे नाही. पण ते धुतलेले आहे हे लिहायचे. दुपारच्या सत्रात मागच्या टेबलावर एक दिवा आणि काही डॉलर ठेवलेले असतील. कडेने धरून फिरवा, आणि भाव विचारण्याआधी रंगाचा उगम एकमेकांना समजावून सांगा.