पाड्यावरचे बोलणे कार्यालयापर्यंत, आणि परत
(सेवक-प्रशिक्षण शिबिरात केलेले भाषण)



मला 'मोबाईल आणि सेवाकार्य' असा विषय दिला आहे. तो फार मोठा आहे, म्हणून त्यातली एकच गोष्ट घेते. बैठकीत लोक जे बोलतात ते नंतर कुठे जाते?

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आपल्या ओळखीचा आहे. यरुशलेमेतली मंडळी वाढत होती, रोज अन्नाची वाटणी होत होती, आणि ग्रीक बोलणाऱ्यांत कुरकुर सुरू झाली की वाटणीत आमच्या विधवा राहून जातात. ही तक्रार रोमी सरकारविरुद्ध नव्हती, मंडळीच्याच सेवाकार्याविरुद्ध होती. प्रेषितांनी सगळ्यांना बोलावले आणि सात माणसे निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर... सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा राहून जात होत्या, बहुधा त्यांच्यातलीच माणसे वाटणीवर नेमली गेली. डिप्लोमाच्या वर्गात हा भाग आम्ही मंडळीतल्या सेवकपदाची सुरुवात म्हणून शिकलो. पाड्यांवर फिरू लागल्यापासून मला त्यात दुसरेही दिसते. कुरकुर ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचली, तिच्यावर काम झाले, आणि ते विधवांना दिसले.

आता सातपुड्यात या. धडगावकडच्या एखाद्या पाड्यावर बचत गटाची बैठक चालली आहे. एक बाई म्हणते, "तुमचे आरोग्य शिबिर बाजाराच्या दिवशी असते, त्या दिवशी घरी कोण असते?" सगळ्या हसतात. बोलणे मात्र लाख मोलाचे असते. कार्यकर्ता ते व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतो. त्यावर पाच जण हात जोडतात. मग सकाळची वचनांची चित्रे येतात, वाढदिवस येतात, कोणाच्या तरी आजीसाठी प्रार्थनेची विनंती येते. हे सगळे चांगलेच आहे, पण त्या बाईचे वाक्य खाली जाते आणि पुढचे शिबिर पुन्हा बाजाराच्या दिवशी लागते. पाड्यांवर काम करणाऱ्या किती तरी संस्थांत असेच चालते, आणि त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. चर्चा एका जागी होते, नोंद दुसऱ्या जागी असते आणि निर्णय तिसरीकडेच होतो. मध्ये पाट खोदलेला नाही, एवढेच.

हा पाट खोदायला आता संगणकाची भाषा शिकावी लागत नाही. झॅपियर, मेक, एनएटएन अशी साधने आहेत. त्यांना 'नो-कोड' म्हणतात. त्यांचे तत्त्व शेतात बारे देण्यासारखे आहे. इकडचे दार उघडले की पाणी तिकडच्या वाफ्यात. एका ॲपमध्ये काही घडले की दुसऱ्या ॲपमध्ये ठरलेले काम आपोआप होते. घडणाऱ्या गोष्टीला ट्रिगर म्हणतात आणि होणाऱ्या कामाला ॲक्शन. एवढे दोन शब्द पुरेत.

आपल्यासाठी मांडणी अशी करता येईल. बैठक संपली की कार्यकर्ता कोबोटूलबॉक्सवर लहानसा फॉर्म भरेल. हे साधन मानवतावादी मदतकार्यासाठीच बनवलेले आहे आणि नेटवर्क नसताना चालते. फॉर्म फोनमध्ये साठतो आणि गाडीरस्त्याला आल्यावर, रेंज मिळाली की जातो. सातपुड्यात याचे मोल काय ते वेगळे सांगायला नको. फॉर्ममध्ये पाड्याचे नाव, विषय, आणि बोलणाऱ्या बाईचा तिची हरकत नसेल तर आवाज. फॉर्म पोहोचला की सामायिक तक्त्यात आपोआप एक ओळ वाढेल, आणि आरोग्याची गोष्ट असेल तर आरोग्य पाहणाऱ्या बहिणीला टेलिग्रामवर निरोप जाईल. तक्त्यात 'उत्तर' नावाचा रकाना राहील. पुढच्या बैठकीच्या दोन दिवस आधीपर्यंत तो रिकामा असेल, तर स्मरणपत्र समन्वयकाला जाईल. उत्तर भरले की ते त्या पाड्याच्या कार्यकर्त्याकडे परत येईल, आणि तो बैठकीच्या सुरुवातीला ते मोठ्याने सांगेल. उत्तर 'जमणार नाही' असे असले तरी सांगेल, आणि कारणही सांगेल.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे हे शेवटचे पाऊल आहे, आणि नेमके तेच वगळले जाते. अभिप्राय गोळा करायची हौस सगळ्यांना असते, कारण तो अहवालात छान दिसतो. तीनदा विचारून एकदाही उत्तर आले नाही, तर चौथ्यांदा बाया "सगळे चांगले आहे" म्हणतात आणि चहा पितात.

हे नुसते कागदावरचे नाही. छत्तीसगडमध्ये २०१० साली पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 'सीजीनेट स्वरा' सुरू केले. साध्या फोनवरून एक नंबर लावायचा आणि आपली गोष्ट गोंडीत किंवा हिंदीत बोलून ठेवायची. लिहिता-वाचता येण्याची अट नाही, इंटरनेटची नाही. संपादन करणारी माणसे निरोप ऐकून तपासत आणि मग तो सगळ्यांना फोनवर ऐकता येई. हातपंप बंद आहे, मजुरी थकली आहे, असे निरोप येत. ऐकणारे संबंधित अधिकाऱ्याला फोन करत, आणि काम झाले की तेच गावकरी पुन्हा फोन करून ते सांगत. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आहेत, त्यांत आपले गडचिरोलीकरही आले. तरी ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. आपली भिलीही नाही. स्वराची यंत्रणा हुशार होतीच, पण तिचे बळ ऐकून तपासणाऱ्या माणसांत होते.

म्हणून कोणी म्हणाले की आवाजाचे लिखाण आणि भाषांतर यंत्रच करील, तर मी थांबा म्हणेन. आदिवासी कार्य मंत्रालयाच्या 'आदि वाणी' ॲपमध्ये आता भिली आणि गोंडी आहेत, याचा मला आनंद आहे. पण बाळंतपणात काय घडले हे पावरी बोलणारी बाई सांगत असेल, तर ते पावरी समजणाऱ्या बाईनेच ऐकावे.

दुसरी एक सूचना येते. गटातच बॉट बसवावा, म्हणजे सगळी चर्चा आपोआप नोंदली जाईल. व्हॉट्सॲपच्या साध्या गटाला ही साधने सरळ जोडता येत नाहीत. टेलिग्रामवर बॉट ठेवता येतो, पण मूळ मांडणीत त्याला गटातले सगळे बोलणे दिसत नाही, त्याला उद्देशून लिहिलेले तेवढे दिसते. ते तसेच राहू द्यावे असे मला वाटते. बायांनी विश्वासाने बोललेले प्रत्येक वाक्य तक्त्यात जाण्यासाठी नसते. नवऱ्याच्या दारूबद्दल बोलणारीला आधी विचारायचे, "हे लिहू का?" ती नको म्हणाली तर लिहायचे नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही संमती मागतो, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची. आश्रमशाळेतल्या मुलींचे अभिप्राय घेताना हे विसरून चालणार नाही.

तक्रार आपल्याच कार्यकर्त्याबद्दल असेल तर? ती वाट निराळीच हवी. कार्यकर्ता स्वतःविरुद्धचा फॉर्म भरणार नाही, हे उघड आहे. त्यासाठी वेगळा फोन नंबर हवा, आणि त्यावर आलेली गोष्ट समितीतल्या दोन स्त्रियांकडेच जावी. सामायिक तक्त्यातही नाही, टेलिग्रामवरही नाही. साधनात ही अट एकदा घालून ठेवता येते. दार कोणत्या वाफ्याकडे उघडायचे हे मात्र आपण आधी ठरवायचे असते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलते, कारण इथे आपली माणसे आहेत. एका हितचिंतकांनी सुचवले की बोलणारी व्यक्ती विश्वासणारी आहे की नाही, असा रकाना फॉर्ममध्ये असावा. हेतू प्रेमाचा असेल. पण तो रकाना नसावा. पाणी भरायला गेलेल्या बाईला विहीर तिचा धर्म विचारत नाही. आणि तो रकाना दिसला की तिला वाटेल, उत्तर त्यावर अवलंबून आहे. मग ती खरे बोलणार नाही.

आता खर्चाचे. या साधनांच्या मोफत योजनांना महिन्याला ठरावीक कामांची मर्यादा असते, पण आपल्यासारख्या लहान कामाची सुरुवात त्यात होऊ शकते. एनएटएन स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येते. म्हणजे माहिती आपल्या ताब्यात राहते, पण ते सांभाळणारा जाणकार लागतो. मंडळीतल्या तरुणांपैकी कोणी हे काम करत असेल, तर त्याने महिन्यातली एक संध्याकाळ द्यावी. टॅब्लेट देऊ का, असे अनेक जण विचारतात. आधी पावरी आणि भिली जाणणाऱ्या एका बहिणीचे अर्ध्या वेळेचे मानधन द्या. आलेले आवाज ती ऐकेल, उत्तरांचा पाठपुरावा करील, आणि रिकामा रकाना दिसला की आम्हाला फोन करील.

सुरुवात तीन पाड्यांपासून करावी, आणि दिवाळीच्या आधी करावी. दिवाळीनंतर निम्मी घरे ऊसतोडीला गुजरातेत जातात, मग बैठकीला म्हातारी माणसे आणि कुलुपे उरतात. पहिल्या फॉर्मचा पहिला प्रश्न मी लिहून ठेवला आहे: "मागच्या वेळी तुम्ही जे सांगितले, त्याचे काय झाले ते कोणी तुम्हाला कळवले का?"