गोड्या पाण्याची काठी, खाऱ्या पाण्याचा किनारा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)





हौसेखातर काठी आणि रीळ घेऊन मासे धरण्याची रीत आपल्याकडे प्रामुख्याने नद्या-तलावांवर वाढली. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांचा 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथ १८७३ साली निघाला, त्यातही मानाचे पान नदीतल्या महसीरालाच आहे. साहजिकच आपल्या घरांतून जी जुनी काठी सापडते ती बहुधा गोड्या पाण्याची असते. आपली अनेक कुटुंबे नोकरीधंद्यानिमित्त घाटाखाली येऊन स्थिरावली आहेत. सुटीत मुले माळ्यावरची आजोबांची काठी उतरवतात आणि विचारतात, "ही समुद्रावर चालेल का?" दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. मुलांच्या फीची तजवीज करणाऱ्या गृहस्थाला हा खर्च लहान नसतो.

माझे उत्तर असे की, ती काठी चालेल. मात्र तीन अटींवर.

पहिली अट ही की, काठीचे बळ ओळखावे. ती किती ग्रॅम वजन फेकू शकते याचा आकडा बहुतेक काठ्यांवर छापलेला असतो. तलावाच्या हलक्या काठीवर तो १० ते ३० ग्रॅमच्या आसपास आढळतो. खुल्या पुळणीवर लाटांत आमिष स्थिर राहावे म्हणून १०० ग्रॅमचे शिसे लावतात. ते या काठीने भिरकावल्यास काठी तरी मोडेल, नाहीतर दोरा तुटून शिसे शेजाऱ्याच्या डोक्यात बसेल. म्हणून या काठीचे क्षेत्र म्हणजे खाडीचे मुख, आडोशाचा उपसागर आणि परवानगी असेल तेथील धक्का. तेथे मुडदुशी, पालू, लहान तांबोशी या हलक्या सामानाला खुशाल लागतात. रिळावर १० पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेचार किलो ताण सोसणारा दोरा दीडशे मीटर असावा. रिळाचा ब्रेक त्याच्या पाव ते तृतीयांश ताणावर, म्हणजे एक ते दीड किलोवर सुटेल असा लावावा. घरातल्या स्प्रिंगच्या काट्याने तो मोजता येतो. दोरा तुटण्याआधी ब्रेक सुटला पाहिजे, हे त्यातले मर्म होय.

गळाच्या वर हातभर जाड दोरा मात्र अवश्य जोडावा, कारण खडकावरची कालवे आणि जिताड्याच्या कल्ल्यावरील धारदार कडा बारीक दोरा क्षणात कापतात. जिताडा हा दोन्ही पाण्यांचा रहिवासी आहे. तो नदीतही वाढतो आणि विणीसाठी खाडीच्या मुखाकडे उतरतो. जन्मतः तो बहुधा नर असतो व पुढे मादी होतो. त्यामुळे मोठा जिताडा लागला तर ती बहुधा मादी असते, हे ध्यानी ठेवून तिला परत पाण्यात सोडण्याचे औदार्य दाखवावे.

दुसरी अट ही की, मीठ घरात साठू देऊ नये. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी विजेचे चांगले वाहक असल्यामुळे अॅल्युमिनियम आणि पोलाद जेथे एकमेकांस टेकतात तेथे अॅल्युमिनियम झिजू लागते. शिवाय वाळलेले मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, म्हणून कोरडे दिसणारे रीळही आतून गंजत राहते. खाऱ्या पाण्यासाठी केलेल्या रिळात याचा बंदोबस्त अधिक असतो, तलावाच्या रिळात तो कमी. तो उणेपणा आपल्या हातांनी भरून काढावा लागतो. घरी येताच, जेवायला बसण्यापूर्वी, ब्रेक घट्ट करून रीळ नळाच्या बारीक धारेखाली धुवावे. जोराचा फवारा मारू नये, त्याने मीठ आत शिरते. रीळ बादलीत बुडवूनही ठेवू नये. काठीवरील कड्या ओल्या फडक्याने पुसाव्यात, सारे सामान सावलीत वाळवावे, फिरत्या सांध्यांवर तेलाचा एकेक थेंब द्यावा आणि मग ब्रेक सैल करून ठेवावा. वापरलेला गळ इतर गळांच्या डबीत ओला टाकल्यास साऱ्या डबीला गंज चढतो. दहा मिनिटांचे हे काम टाळल्यास वडिलांनी वीस वर्षे जपलेले रीळ एका हंगामात निकामी होईल.

तिसरी अट सर्वांत महत्त्वाची, कारण येथे प्रश्न प्राणांचा आहे. तलावाचे पाणी आपल्या जागी राहते, समुद्राचे राहत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांहून अधिक होतो. सकाळी चालत गेलेला खडक दुपारी बेट झालेला असतो. कोकणातील जुना हिशेब सांगतो की, तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अदमासे मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. नेमकेपणासाठी भरतीचे छापील कोष्टक पाहावे. पाणी चढू लागताच खडकावरून मागे यावे. शेवाळलेल्या दगडावर उभे राहू नये. लाटेकडे पाठ करू नये. मुलांना एकटे धाडू नये. पावसाळ्यात तर काठी माळ्यावरच शोभते. शिंगाळ्याचा काटा बोचल्यास तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात धरावा व तडक डॉक्टरांकडे जावे.

तुटलेला दोराही किनाऱ्यावर टाकू नये. तो कुजत नाही, आणि पक्षी व कासवे त्यात अडकून मरतात.

बंधुभगिनींनो, साधन तेच राहिले तरी पाणी बदलले की शिस्त बदलावी लागते. ती शिस्त ज्याच्या अंगी आहे त्याला नव्या काठीची घाई नाही. ज्याच्या अंगी नाही त्याची महागडी काठीही फार दिवस टिकणार नाही. आपल्या घरातील जुनी काठी मुलांच्या हाती अवश्य द्या, परंतु तिच्याबरोबर या तीन अटीही द्या, इतकीच माझी विनंती आहे.