दप्तर कोणाच्या हाती?

(बोईसर येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



राज्य बदलते तेव्हा कोणता ध्वज उतरला आणि कोणता चढला, हे आपण आवर्जून सांगतो. त्याआधीच्या दिवसांत कचेऱ्यांमध्ये काय चालले होते, इकडे मात्र आपले लक्ष जात नाही. १९४७ मध्ये सत्तांतराच्या तोंडावर दिल्लीतील इंग्रजांच्या राजकीय विभागाने संस्थानिकांविषयीचे कित्येक कागद जाळून टाकले. आपल्या जव्हारसारखी संस्थाने याच विभागाच्या देखरेखीखाली होती. पुढे आफ्रिकेतील वसाहती सोडताना तर निवडीचा नियमच ठरला. नव्या सरकारला द्यायचे कागद वेगळे आणि ब्रिटनला अडचणीत आणतील असे वेगळे! दुसऱ्या ढिगातील काही जाळले, काही गुपचूप इंग्लंडला नेले. केनियातील वृद्धांनी छळाबद्दल लंडनच्या न्यायालयात दाद मागितली, तेव्हा कुठे २०११ मध्ये ते दप्तर उजेडात आले.

आता आपल्या सीमेलगतचेच उदाहरण घ्या. दमणहून दादरा व नगर हवेलीत जायचे तर पोर्तुगीजांना भारतीय भूमी ओलांडावी लागे. २१ जुलै १९५४ पर्यंत दमणच्या गव्हर्नराला दादऱ्यास जाऊन येण्यासाठी भारत व्हिसा देत होता. त्यानंतर लगेच दादरा मुक्त झाला, २ ऑगस्टला सिल्वासा. राजा वाकणकर, सुधीर फडके आदींचा तो पराक्रम आपणांस ठाऊक आहेच. भारताने वाट रोखली आणि १९५५ मध्ये पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले.

तेथे त्यांनी पुढे काय केले असेल? पुणे दरबाराशी झालेला १७७९ चा तह, आणि १७८३ व १७८५ च्या मराठी सनदा! पेशव्यांनी दमण परगण्यातील बारा हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची गावे दिली होती. हे सार्वभौमत्वच दिले, असा पोर्तुगालचा दावा. हा सरंजाम आहे, महसूल दिला, राज्य दिले नाही, अशी आपली बाजू. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने या कागदांचा अर्थ आपल्याप्रमाणेच लावला. मात्र इंग्रजांनी पुढे पोर्तुगीजांचा अंमल मान्य केला होता, म्हणून खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क त्यांना मिळाला, हेही सांगितले पाहिजे. सैन्य वा शस्त्रे नेण्याचा हक्क नाकारला गेला, आणि वाट रोखण्यात भारताचा कर्तव्यभंग झाला नाही, असे ठरले. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने लिहिलेला ‘सरंजाम’ हा शब्द हेगपर्यंत पोहोचला!

दमणमध्ये १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज जन्मनोंदींना आजही मोल आहे. त्यांच्या आधारे कित्येक कुटुंबे लिस्बनमध्ये नागरिकत्व नोंदवतात. हे योग्य की अयोग्य, तो वाद निराळा. पण तो ज्या नोंदीवर उभा आहे, ती एका मावळत्या राज्याची आहे.

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. येथे सार्वभौमत्वाचा प्रश्न नव्हता, तरी जुन्या नोंदीसाठी कोणत्या कचेरीत जायचे, हा प्रश्न आलाच. तारापूर-माहीमकडील जुन्या घरांत मोडी कागदांची बासने असतील, तर माळा झाडण्यापूर्वी ती मोडी जाणणाऱ्याला एकदा दाखवा, एवढी विनंती.