फाटकापासून दारापर्यंत

किन्हीराजाच्या आम्ही बचत गटाच्या बाया आज एका वाटेची गोष्ट सांगणार आहोत.

आमच्या गोदामाच्या फाटकापासून दारापर्यंत काँक्रीटची जुनी वाट होती. चार वर्षांत तिला भेगा पडल्या, मधला भाग खचला, पावसात डबकं साचू लागलं. मागच्या भादव्यात त्याच डबक्यात आमची एक ताई डोक्यावरच्या कट्ट्यासकट घसरली. मनगट मोडलं. ऐन सोयाबीन सोंगणीत तिची मजुरी बुडाली.

तेव्हाच ठरलं, वाट नवी करायची. पण कशाची? पैसा सगळ्या बायांच्या बचतीचा. पुन्हा चार वर्षांत फुटणारी वाट परवडणार नव्हती.

आम्ही आधी जुनं काँक्रीट फोडून खाली पाहिलं. खाली सरळ काळी माती! आपली काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते. खालची जमीन हलली की वरचं काँक्रीट तडकतं. दोष नुसता वरच्या थराचा नव्हता, बुडाचा होता.

मग एकेक वस्तू तोलून पाहिली. मुरूम स्वस्त, पण ट्रॅक्टर फिरला की दर पावसाळ्यात चाकोऱ्या. फरशी चाकाखाली फुटते, ओली झाली की निसरडी होते. काँक्रीट मजबूत, पण खचलं तर फोडावंच लागतं. पेव्हर ब्लॉक मात्र खचले तेवढेच उचलून, खाली चुरी भरून पुन्हा बसवता येतात. म्हणून ब्लॉक घेतले. नुसत्या पायवाटेला ६० मिलिमीटर जाडीचे चालतात. आमच्याकडे ट्रॅक्टर येतो, म्हणून ८० चे.

पण आधी पैसा बुडात घातला. दीड फूट काळी माती काढली. मुरमाचे दोन थर टाकले, प्रत्येक थर पाणी मारून धुमसला. त्यावर गिट्टी दाबली, मग चुरी अंथरली. ब्लॉक सरकू नयेत म्हणून दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी केली. नालीकडे दर दहा फुटांना अडीच इंच उतार दिला.

काम संपलं त्या दिवशी त्याच ताईने दारात बादलीभर पाणी ओतलं. पाणी कुठेही न थांबता नालीला लागलं, तेव्हाच आम्ही मिस्त्रीचे उरलेले पैसे दिले.

तेव्हा बायांनो, वर काय टाकायचं ते नंतर ठरवा. आधी खाली काय आहे ते खणून पाहा.