पाळणाघराची पडताळणी कोणी करायची?

(घाटकोपर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी सातच्या सुमारास बोरिवलीच्या वा मुलुंडच्या कोणत्याही वस्तीतून चालत गेलात तर एक दृश्य हमखास दिसते. कडेवर मूल आणि खांद्याला पिशवी घेतलेली आई शेजारच्या इमारतीतील एका खोलीचे दार वाजवते, मूल आत देते आणि गाडी चुकू नये म्हणून धावतच स्टेशन गाठते. दिवसाचे दहा तास ते मूल ज्या व्यक्तीच्या हाती असते, तिच्याविषयी त्या आईला काय ठाऊक असते? बहुधा नाव आणि महिन्याचा दर, एवढेच.

१९८८ साली आमचे मूल येथल्याच एका चाळीतील मावशींकडे असे. त्यांची चौकशी आम्ही केली नाही; ती चाळीने तीस वर्षे केलेली होती. आज त्या चाळीच्या जागी टॉवर उभा आहे. समाज जे काम विनामूल्य करीत असे, ते आता कोणी तरी वेळ व पैसा खर्चून करावयास हवे. ते कोणी करायचे, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याने त्याचे उत्तर दिले आहे. पॉक्सो कायद्याखालील २०२० च्या नियमांनुसार शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रबोधिनी अशा, मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या सर्व कर्मचाऱ्यांची, ते कायम असोत वा कंत्राटी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घेतली पाहिजे. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचार उघडकीस आला; आरोपी कंत्राटी सफाई कामगार होता. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखून धरली. त्यानंतर शासनाने शाळांतील कर्मचाऱ्यांच्या पडताळणीचे आदेश काढले. जे चार वर्षे बंधनकारक होते, तेच लोक रुळांवर उतरल्यावर नव्याने सांगावे लागले!

अंमलबजावणी का होत नाही? पहिले कारण, यादीच नाही. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने मुळात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीतून वगळले होते, तिला केवळ कळवावे लागे. घरगुती पाळणाघरे याहून कितीतरी लहान असतात. ज्याची मोजदाद नाही, त्याची तपासणी कशी होणार? दुसरे कारण, कंत्राटपद्धती. संस्था कंत्राटदाराकडे बोट दाखवते आणि कंत्राटदार कागदाकडे. स्वस्त श्रमाचा लाभ संस्थेला आणि धोका मात्र मुलाला, अशी ही वाटणी आहे.

परंतु पडताळणीच्या मर्यादाही आपण ओळखल्या पाहिजेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने केलेली अमानुष मारहाण कॅमेऱ्यामुळे उघड झाली. अशी क्रूरता पोलीस दप्तरात आधीच नोंदलेली असेल, असे नाही. उलट दप्तरात नाव असणे हा दोषाचा पुरावाही नव्हे. इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांच्यावरील तो कायदा १९५२ साली रद्द झाला; पोलिसांच्या मनातील संशय रद्द झालेला नाही. पडताळणीच्या नावाखाली एखाद्या पारधी बाईची किंवा परप्रांतातून आलेल्या आयाची रोजी जाणार असेल, तर ते आपल्याला मान्य होता कामा नये. म्हणून पडताळणीत फक्त मुलांविरुद्धचे व हिंसेचे गुन्हे पाहावेत, आणि संबंधित व्यक्तीला नोंद दाखवून आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी.

आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. महापालिकेच्या प्रत्येक विभाग कार्यालयात, अंधेरीच्या के पूर्वपासून मुलुंडच्या टी विभागापर्यंत, पाळणाघरांची विनाशुल्क नोंदवही असावी. पडताळणी तेथेच, ठरलेल्या मुदतीत व फुकट व्हावी. कामगार कंत्राटी असला तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच राहावी. पालकाला कोणत्याही वेळी आत येण्याचा हक्क असावा. एका आयाने किती मुले सांभाळायची व तिला वेतन किती, हेही ठरले पाहिजे.

अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून एक गोष्ट निक्षून सांगतो. जिला दुसरा पर्याय नाही, ती ग्राहक प्रश्न विचारीत नाही. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती केली. पण धुणीभांडी करणारी, फेरीवाली, लहान दुकानात राबणारी बाई त्याबाहेरच राहिली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेची अंगणवाडी काही तासांची. या बाईचा दिवस त्याहून मोठा. पूर्ण दिवसाची सार्वजनिक पाळणाघरे उभी राहतील तेव्हाच खाजगी पाळणाघराला प्रमाणपत्र दाखवा, असे ती निर्भयपणे म्हणू शकेल.

तोवर आपण काय करायचे? येत्या महिन्यात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतील पाळणाघरांची यादी करावी. तपासनीस म्हणून नव्हे, शेजारी म्हणून जावे. तेथे किती मुले आहेत, किती बायका त्यांना सांभाळतात, पडताळणी झाली आहे का, नसल्यास अडचण काय, हे विचारावे. ती यादी घेऊन आपण विभाग कार्यालयात जाऊ. चाळीने जे काम न सांगता केले, ते आता आपल्याला संघटितपणे करावे लागणार आहे.